लोखंडाचा हात

"एकवीस हायत. पण मासा ह्यातला न्हाई." दागिने गाठवणाऱ्या पटवेकऱ्यांनी ते पान चिमटीत धरून उजेडाकडं केलं, उलटं केलं, पुन्हा सुलटं केलं आणि माझ्याकडं न बघताच म्हणाले, "ह्याच्यावर लोखंडाचा हात चाललाय, ताई."

काय बोलावं ते सुचलं नाही की मी हसते. तशी हसले. त्यांनी पुढं काही सांगितलं नाही. जुना दोरा त्यांनी माझ्यासमोरच कापला होता आणि आमच्या कोल्हापुरी साजाची सगळी पानं एका स्टीलच्या ताटलीत, लाल फडक्यावर मांडली होती. चंद्र, शंख, बेलपान, कासव, नाग, भुंगा. मधले जवमणी एका वाटीत. गळ्यात असताना जो दागिना एकसंध, भारदस्त वाटतो, तो ताटलीत असा सुटा पडला की लहान मुलांच्या खेळातल्या सोंगट्यांसारखा दिसतो. दशावताराची दहा, अष्टमंगलाची आठ, माणिक आणि पाचूची दोन आणि शेवटचं डोरलं, हा एकवीसचा हिशेब मला पाढ्यासारखा पाठ. आज्जी दर दसऱ्याला साज पूजेत ठेवायची आणि उचलताना एकेक पान बोटानं सरकवत मोजायची. मोजून झालं की ठरलेलं वाक्य, "न मोडला, न विकला." आमच्या घरात सांगण्यासारखं दुसरं काही फारसं नव्हतं, त्यामुळं हे वाक्य फार वापरलं गेलं. आणि आता जिन्याखालच्या ह्या दुकानात एक माणूस मला सांगत होता की एक पान बाहेरचं आहे.

गेले होते नुसता दोरा बदलायला. भाचीचं लग्न आलं होतं, आईनं साज तिच्या गळ्यात घालायचा ठरवला होता आणि मागचा रेशमाचा गोंडा हातात घेतला की पिठासारखा गळत होता. आधी मी काचेच्या दाराच्या एका मोठ्या शोरूममध्ये गेले, ही माझी चूक. गारेगार एसी, हातात कॉफी, समोर टॅबलेट घेतलेला टाय लावलेला मुलगा. त्यानं साज वजनकाट्यावर टाकला, लाख धरून वजन किती, लाख काढून किती भरेल हे न विचारता सांगितलं आणि एक्स्चेंजमध्ये टाकला तर लाईटवेट डिझाईन कसं सुंदर येतं ते चित्रात दाखवलं. जुन्या साजाची पानं म्हणजे ठशावर उठवलेला सोन्याचा पातळ पत्रा आणि पोटात लाख. म्हणूनच तो दिसतो दांडगा आणि बसतो हलका. त्या मुलाच्या दृष्टीनं लाख म्हणजे वजावट होती. मी म्हटलं, मला दोरा बदलून हवाय. "दोरा?" तो खरंच गोंधळला. "दोरा आम्ही नाही बदलत, मॅडम." बाहेर पडताना दारावरच्या वॉचमनमामांनी हळूच सांगितलं, "गुजरीत जावा. पटवेकरी विचारा."

गुजरीत पत्ता एकदम मिळत नाही, तो हप्त्याहप्त्यानं मिळतो. पहिल्या सराफांनी हनुवटीनं दिशा दाखवली. दुसऱ्यांनी "ते का? अजून हायत की," असं कौतुकानं सांगितलं आणि पत्ता सांगायचा विसरले. तिसऱ्या दुकानातला पोऱ्या दोन पावलं बाहेर आला आणि म्हणाला, "त्या चहाच्या गाड्याच्या अंगानं आत, जिना दिसंल, त्याच्या खाली." जिन्याखाली एका बाजेएवढी जागा. भिंतीला लाल, काळ्या, हिरव्या रेशमाच्या लडी, कलाबतूचं रीळ, मळकट मेणाचा गोळा. पटवेकरी मांडी घालून बसलेले, एक पाय पुढं, आणि त्या पायाच्या अंगठ्याला दोरा अडकवून ताणलेला. हा अंगठा म्हणजे त्यांचं यंत्र. दोऱ्याला पीळ देताना तो अंगठा किंचित मागंपुढं व्हायचा, बाकीचा माणूस स्थिर. शेजारी बिस्किटाचा एक जुना पत्र्याचा डबा होता. मी त्यात डोकावले तर सुटे मणी, एखादी वाटी, तुटकी कडी. "गिऱ्हाइकांचं पडल्यालं हाय," ते म्हणाले. "इच्यारायला येत्यात कवा तरी." कधीपासूनचे आहेत विचारलं तर त्यांनी उत्तर द्यायच्या लायकीचा प्रश्न नाही असं तोंड केलं.

पावती नाही. त्यांनी मला समोरच्या सराफांच्या काट्यावर वजन करून यायला सांगितलं, आकडा वहीत लिहिला, पुढं "पानं २१, मासा नवा" असं लिहिलं आणि ते मला वाचायला लावलं. मग म्हणाले, तीन दिवसांनी या. पणजीचं सोनं जिन्याखाली एका फडक्यात ठेवून मी चालायला लागले. शोरूममध्ये मला कॉफीचा कपसुद्धा सहीशिवाय देतील असं वाटलं नव्हतं आणि इथं मी सगळं टाकून निघाले होते. विश्वास वगैरे काही नाही, खरं सांगायचं तर महाद्वार रोडपर्यंत छातीत धडधडत होतं. पण त्याहून जास्त तो मासा डोक्यात वळवळत होता.

लोखंडाचा हात म्हणजे काय?

अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, एक नियम होता. एका दुकानात दोन वस्तू चांगल्या मिळत नाहीत. एक चांगली असली की दुसरी खपवायला ठेवलेली असते. त्यामुळं रविवारी त्यांच्याबरोबर सायकलच्या दांडीवर बसून बाजाराला जाणं म्हणजे अर्ध्या कोल्हापूरची प्रदक्षिणा असायची. गूळ शाहूपुरीत, मिरची लक्ष्मीपुरीत, भाजी कपिलतीर्थला, बुट्टी आणि सूप बुरुड गल्लीत. ह्या पेठाच मुळात अशा वसल्यात. शाहू महाराजांनी १८९५ साली शाहूपुरी वसवली ती गुळाच्या व्यापारासाठी, त्याआधी चारच वर्षं रेल्वे आली होती. पुढं गुळाचे सौदे मार्केट यार्डात गेले, पण अण्णा शाहूपुरीतल्या त्यांच्या एका ठरलेल्या दुकानाला काही सोडायला तयार नव्हते. गुळाच्या रव्याचा टवका काढून, जिभेवर ठेवून, डोळे मिटून उभे राहायचे. दुकानदारही त्यांच्याबरोबर गप्प उभा. मला वाटायचं ही काहीतरी प्रार्थना आहे. आठवड्याचे सहा दिवस ते उद्यमनगरात एका शेडमध्ये काम करायचे आणि त्यांच्या बोटांच्या रेषांत बसलेलं काळं तेल रविवारीही जायचं नाही. त्याच बोटांनी गूळ मोडायचे. अजून मला गुळाला थोडासा मशीनच्या तेलाचा वास येतो असं वाटतं, आणि तो आला नाही तर गूळ अळणी लागतो.

लक्ष्मीपुरीत मात्र आईचं राज्य. मार्च उजाडला की चटणीचं निघायचं. बाहेरगावच्या लोकांना सांगावं लागतं की आमच्याकडं चटणी म्हणजे पानात डावीकडं वाढायचा पदार्थ नव्हे, वर्षभराचं कांदा-लसणीचं तिखट. ब्याडगी रंगाला, लवंगी ठसक्याला, आणि संकेश्वरी मिळाली तर चवीला, ती आता मिळतेच असं नाही. आई मिरची हातात घेऊन देठ मोडायची, कानाजवळ खुळखुळवायची, आणि नाक सुरसुरलं तरी शिंकायची नाही, कारण शिंकलं की दुकानदार भाव वाढवतो अशी तिची समजूत. त्या दुकानदारांचा आणखी एक प्रकार होता. ते किती किलो असं कधी विचारायचे नाहीत. घरात खाणारी किती, म्हातारं माणूस आहे का, पोरं किती वर्षांची झाली, असं विचारून लवंगी किती घालायची ते स्वतःच ठरवायचे. आज्जी गेली त्या वर्षी आईनं तसं सांगितलं. त्यांनी हातातलं माप खाली ठेवलं, थोडा वेळ काहीच बोलले नाहीत, आणि मग लवंगी अर्धा किलो वाढवली. "आता चालंल तुम्हाला." अण्णा गेल्यावर आई काही बोलली नाही, नुसती दीड किलो कमी मिरची मागितली. त्यांनी एकदा तिच्याकडं, एकदा माझ्याकडं बघितलं. काही विचारलं नाही. पिशवी स्वतः उचलून रिक्षापर्यंत आणून दिली, आणि आम्ही मिरची कुटायच्या डंकाकडं निघालो. तिथं तशाही सगळ्यांच्याच डोळ्यांतून पाणी येत असतं, त्यामुळं सोय झाली.

हे असं सगळं गोड गोड आठवून लिहायला लागलं की मला माझाच संशय येतो. कारण ह्याच दुकानांनी मला भरपूर जाचही दिलाय. "बघायचंय का घ्यायचंय?" हा प्रश्न मी वयाच्या पंधराव्या वर्षापासून ऐकतेय. दुपारी गेलात तर अर्धं शटर खाली आणि आतून घोरण्याचा आवाज. दुसरा रंग दाखवा म्हटलं तर "ह्योच चांगला हाय" असं म्हणून पुडी बांधायला सुरुवात. आणि चौकशा! तुम्ही कुठल्या पेठेतल्या, माहेर कुठलं, ते अमके तुमचे कोण. अण्णांच्या शेवटच्या चार महिन्यांत त्यांना डायपर लागायचे. ते मी आमच्या कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून एकदाही घेतले नाहीत. तो भला माणूस, त्यानं आपुलकीनंच विचारलं असतं, "कुणाला?" मला ते उत्तर द्यायचं नव्हतं. फोनवर ऑर्डर करायची, खोका दारात यायचा, आणणाऱ्या पोराला माझं नावसुद्धा धड वाचता यायचं नाही, आणि त्या न वाचता येण्याचा मला केवढा आधार वाटायचा. ओळख नसलेली दुकानं म्हणजे अगदीच वाईट असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

आणि फसवणूकही ओळखीच्याच गल्लीत होते. दोन वर्षांपूर्वी चप्पल लाईनमध्ये मी एक जोड घेतला. दुकानाचं नाव सांगत नाही. "अस्सल हाय, आतून बाहेरून कातडं," असं छातीवर हात ठेवून सांगितलं होतं. महिन्याभरात तळ पापुद्र्यासारखा सुटला. आत पुठ्ठा आणि फोम होता, कडेची शिवण नुसती दिसायला. अंबाबाईच्या दर्शनाला आलेल्या पाहुण्यांना असं काही खपवतात हे ऐकून होते, पण मी? ह्याच रस्त्यावर वाढलेली? कुणाला सांगायचीही चोरी. आज्जी असती तर कान पकडून म्हणाली असती, पायताण घेताना नाक कुठं ठेवलंवतंस? बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात पकवलेल्या कातड्याला एक तुरट, ओला वास असतो, त्याचं सोंग घेता येत नाही. अण्णांची पायताणं करकरायची. तळाच्या थरांमध्ये विंचवाच्या बिया घालतात त्यानं आवाज येतो असं सांगतात. तो आवाज गल्लीच्या तोंडाशी आला की आज्जी डोक्यावरून पदर घ्यायची आणि आम्ही अभ्यासाला बसल्याचं नाटक करायचो.

त्या फजितीनंतर मी इरेला पेटून जवाहरनगरात गेले, जिथं चप्पल तयार होते. एका कारागिरांनी मला खाकी कागदावर उभं केलं आणि पेन्सिलीनं पायाची रेघ काढली. तळव्याच्या आतल्या बाजूनं पेन्सिल जाताना इतक्या गुदगुल्या झाल्या की रेघ हलली आणि त्यांनी पुन्हा काढली. "डावा मोठा हाय तुमचा," ते म्हणाले. सत्तेचाळीस वर्षं मी ह्या पायावर चालतेय आणि मला हे माहीत नव्हतं. दाराशी त्यांच्या घरच्या बाई वेणी घालत बसल्या होत्या. कातड्याच्या दोऱ्याएवढ्या पट्ट्या, बोटांची हालचाल इतकी लहान की दुरून बघणाऱ्याला वाटावं त्या नुसत्या बसल्यात. मी शेजारी टेकले. कान, अंगठा, पट्टा, वेणी, एकेका भागाचं नाव विचारलं, त्यांनी सांगितलं. मग सहज म्हणून मी लाईनमध्ये असा जोड कितीला विकतात ते सांगितलं. त्यांचे हात थांबले नाहीत, पण त्या हसल्या. "तेवढ्याला इकत्यात व्हय?" एवढंच. २०१९ साली कोल्हापुरी चपलेला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार असे आठ जिल्हे त्यात आले, पेपरात मोठ्या बातम्या होत्या. मी ते त्यांना सांगणार होते. नाही सांगितलं. त्या हसण्यानंतर ते काहीतरी भलतंच वाटलं असतं.

गल्ल्यावर कोण बसतं आणि मागच्या दारी कोण बसतं, हा ह्या गावात जुना प्रश्न आहे. भाऊसिंगजी रोडवर गंगाराम कांबळ्यांनी सत्यसुधारक नावाचं चहाचं हॉटेल टाकलं, तेव्हा अस्पृश्याच्या हातचा चहा प्यायला गिऱ्हाईक फिरकेना. मग शाहू महाराज स्वतः गाडी थांबवून तिथं चहा घ्यायला लागले. महाराज पितात म्हटल्यावर बरोबरच्यांना प्यावाच लागला. शाळेत असताना ही गोष्ट मला फक्त महाराजांची वाटायची. आता त्या रस्त्यावरून जाताना मनात येतं ते गंगारामांचं. पहाटे उठून चूल पेटवायची, आधण ठेवायचं, कपबशा घासून मांडायच्या आणि रस्त्याकडं बघत बसायचं. उकळून उकळून चहा काळा झाला असेल किती दिवस.

तर मासा.

दुसऱ्या दिवशी लग्नाच्या रुखवताचं सूप आणायला बुरुड गल्लीत गेले, तिथून बाप्पाचं काम कुठवर आलंय बघायला शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत. दरवर्षी मी अशी उगीच चक्कर मारते. डोळे नसलेल्या शेकडो मूर्ती एका ओळीत बसलेल्या बघायला मला आवडतं, आणि २०१९ च्या आणि २०२१ च्या पुरानंतर तर जावंच वाटतं. दोन्ही वेळा पाणी चढलं तेव्हा गणपती महिना-दीड महिन्यावर होते आणि तयार होत आलेल्या मूर्ती हातोहात उंचावर हलवाव्या लागल्या होत्या. ज्या हलल्या नाहीत त्यांचं जे झालं ते मी एका दारातून बघितलं होतं, त्याबद्दल इथं लिहीत नाही. ह्यावेळी एक मुलगा सोंडेवर पॉलिश कागद फिरवत होता. मी विचारलं, ही सगळी एका साच्यातली का? "साचा एकच," तो म्हणाला, "पर फिनिशिंगला हात बदलला की मूर्ती बदलती. आमच्या काकांचा गणपती मी झोपंत वळखीन." पुन्हा हात. ह्या गावात सगळ्यांना एकमेकांचे हात ओळखू येतात आणि मला माझ्याच घरातला एक ओळखू येत नव्हता.

तो दिसला तिसऱ्या दिवशी, उद्यमनगरात, आणि मी तिथं गेले होते आईच्या सोऱ्याच्या चकतीसाठी. पितळी सोऱ्या जुना, चकलीची चकती चिरलेली. बाजारात मिळणारी कुठलीच चकती त्यात बसेना. अण्णा असते तर संध्याकाळी डब्याबरोबर नवी आली असती. त्यांच्या शेडच्या आसपासच एका वर्कशॉपमध्ये शिरले. ऑइल इंजिनांच्या आणि फौंड्रीच्या ह्या वस्तीत बाईमाणूस दारात दिसलं की आधी दोन लेथ बंद होतात. मालकांनी चकती तळहातावर घेतली, नखानं कड तपासली. "नमुना ठेवून जावा. करून देतो." हे वाक्य म्हणजे ह्या गावाचा स्वभाव आहे. बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा ह्याच गावात स्वतः घडवला, त्याचा अभिमान सांगताना लोक गहिवरतात, पण मला वाटतं त्यामागंही कुणीतरी असंच नखानं कड तपासून म्हटलं असेल, बघू या की, करू या. मी तिथं उभी होते तेव्हा कोपऱ्यात एक माणूस डोळ्याला भिंग लावून पोलादाच्या ठोकळ्यावर छिन्नी चालवत होता. बिस्किटाची डाय, म्हणजे ठसा. ठोकळ्यात उलटी नक्षी, खोलगट, प्रत्येक रेघ सारख्या अंतरावर, पट्टीनं मारल्यासारखी.

आणि मला माशाचे खवले आठवले.

बाकीच्या पानांवरच्या रेघा झिजलेल्या, थोड्या वाकड्या, एकमेकींत मिसळलेल्या. माशाचे खवले मात्र चौकटीच्या वहीसारखे. लहानपणी त्या माशावरून बोट फिरवलं की तो एकटाच खरखरीत लागायचा. अण्णा उद्यमनगरात डाय-फिटर होते हे मी आत्तापर्यंत लिहिलं नाही, कारण आत्तापर्यंत त्याचा ह्या गोष्टीशी काही संबंध आहे असं मला वाटलंच नव्हतं.

आई लसूण सोलत बसली होती. मी म्हटलं, साजातला मासा कुणी केलाय? तिनं मान वर केली नाही. पाच-सहा पाकळ्या झाल्यावर म्हणाली, "कुणी सांगितलं तुला?"

"पटवेकऱ्यांनी. बघताक्षणी ओळखला."

"म्हणून तर तेव्हा गुजरीत दिला नव्हता. ह्यांनी सांगलीला नेऊन गाठवून आणला." आणि ती हसायला लागली, अशी की लसणाचं ताट बाजूला ठेवावं लागलं. लग्नानंतरच्या पहिल्या चैत्रातली गोष्ट. जोतिबाच्या यात्रेला सासूनं हौसेनं साज घालायला दिला होता. गर्दीत दोरा उसवला. बाकीची पानं हातात आली, मासा गुलालात गेला. दोघं अंधार पडेपर्यंत गुलाल चाळत होती. पुढचा महिनाभर साज "पॉलिशला दिलाय" असं घरात सांगितलं. अण्णांनी मासा कसा होता ते आईला पुन्हा पुन्हा विचारून कागदावर काढला, पाळी संपल्यावर शेडमध्ये मागं थांबून डाय कोरली, आणि एका ओळखीच्या कारागिराकडून त्यात पत्रा ठोकून घेतला. सोनं कुठलं विचारलं तर तिनं कानाला हात लावला. माहेरच्या कुड्या होत्या, त्यातली एक मोडली. एकच? "दुसरी हाय की. कपाटात, चिंचोक्यांच्या डबीत."

"आज्जीला कधीच कळलं नाही?"

"मोजायच्या त्या. बघायच्या कुठं?" तिनं ताट पुन्हा पुढं ओढलं. "आणि तो मासा कसला, झुरळ दिसतंय. मी सांगितलंवतं ह्यांना तेव्हाच. शेपटी बारीक झालीया. ऐकतील तर."

संध्याकाळी साज आणायला गेले. नवा गोंडा लाल, कलाबतूच्या बारीक गुंडीचा, सुंदर. पटवेकऱ्यांनी पानं मोजून दाखवली, पुन्हा समोरच्या काट्यावर पाठवलं, वहीतल्या आकड्याशी आकडा जुळवला, आणि सांगितले त्याहून दहा रुपये कमी घेतले. त्यांना सगळी गोष्ट सांगावी असं फार मनात होतं. पण समोर दोन बायका मंगळसूत्रं घेऊन उभ्या होत्या, आणि गोष्ट सांगायची तर आज्जी उघडी पडते, आई उघडी पडते. मी नुसतं म्हटलं, "मासा आमच्या वडिलांनी केलाय." त्यांनी मान डोलावली, जणू मी पावसाबद्दल काही बोलले. "हात चांगला हाय," ते म्हणाले. "पर सोन्याचा न्हाई."

घरी येऊन आईनं साज हातात घेतला, गोंडा ओढून बघितला, मग पानांवरून बोट फिरवत गेली. मध्यापासून डावीकडं, मग उजवीकडं. मग थांबली.

"मासा कुठाय?"

मासा मागं होता. शेवटून दुसरा, गोंड्याच्या अगदी जवळ, मानेवर केसांखाली जाईल असा. पटवेकऱ्यांच्या डोळ्याला खटकला असणार, त्यांनी त्यांच्या हिशेबानं लपवून दिला होता. चांगुलपणाच केला होता एक प्रकारे. आईनं साज माझ्यापुढं धरला. "पुढं होता. चंद्राच्या शेजारी. पुढंच घे म्हणावं त्यांना."

म्हणून आज पुन्हा आलेय. जिन्याखाली फळी लावलेली, ते जेवायला गेलेत. पर्समध्ये साज, पर्स मांडीवर, दोन्ही हात पर्सवर. चहाच्या गाड्यावरच्या पोरानं न विचारता कटिंग आणून हातात दिलाय आणि कुणाकडं आलाय, काय काम आहे, माहेर कुठलं, असं त्याचं सुरू झालंय.